फ्लिपरने काय बदललं

घरी बगाटेल खेळलेल्या माणसाला पिनबॉलचा निम्मा इतिहास आधीच ठाऊक असतो. इंदूरला, आमच्या सुदामा नगरात, उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन उतरेपर्यंत मुलांना घरात धरून ठेवायचं म्हणजे कॅरम, पत्ते नाहीतर बगाटेल. प्लायवूडचा, वरच्या बाजूला गोलाई दिलेला बोर्ड. त्यावर ठोकलेले बारीक खिळे. काही खिळ्यांची अर्धवर्तुळं केलेली आणि त्यांच्या पोटात 50, 100, 250 असे आकडे रंगवलेले. उजव्या कडेला एक अरुंद गल्ली आणि तिच्या तोंडाशी स्प्रिंगचा दांडा. बोर्डाच्या वरच्या टोकाखाली दोन जाड वह्या सरकवल्या की उतार तयार. दांडा ओढून सोडला की स्टीलचा छर्रा वरून वळसा घेतो, खिळ्यांवर टणटण आपटत खाली येतो आणि एखाद्या घरात अडकतो. अडकला तर गुण, नाहीतर तळाला जमा.

कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी आम्ही सगळे अलमीडाला पिनबॉलचं संग्रहालय बघायला गेलो. गोल्डन गेट पूल, स्टॅनफर्डचं आवार वगैरे गोष्टी प्रत्येक पाहुण्याला दाखवल्या जातातच. ही जागा नातवाने निवडलेली होती. ओकलंडला अगदी लागून, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात अलमीडा नावाचं बेट आहे. तिथल्या वेब्स्टर स्ट्रीटवर, दुकानांच्या रांगेतच, 'पॅसिफिक पिनबॉल म्युझियम' आहे. आत शंभराच्या आसपास यंत्रं मांडलेली असतील, असं बाहेरून बघून वाटत नाही. मायकेल शीस यांनी 2000च्या दशकाच्या सुरुवातीला 'लकी जूजू' या नावाने लहानशा जागेत हा उद्योग सुरू केला आणि पुढे त्याची ना-नफा संस्था झाली. दारात एकदा प्रवेशशुल्क भरलं की आत एकाही यंत्रात नाणं टाकावं लागत नाही. बटण दाबायचं आणि खेळायचं. यंत्रं साधारण काळाच्या क्रमाने लावलेली आहेत, जुनी आधी. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. कारण एक यंत्र खेळून पुढच्यावर गेलं, की मधल्या वर्षांत काय बदललं ते हातांना कळतं.

सर्वांत जुन्या, 1930च्या दशकातल्या यंत्रांपाशी आल्यावर आमचे हे म्हणाले, "अगं, हे तर आपलं बगाटेल!" आणि ते खरंच तसं आहे. सोळाव्या लुईच्या भावाने, म्हणजे आर्त्वाच्या काउंटने, 1777 मध्ये पॅरिसजवळ बागातेल नावाचा छोटा महाल बांधला. तिथल्या मेजवानीत टेबलावरचा एक खेळ मांडला गेला आणि महालाचं नाव त्या खेळाला चिकटलं, असं सांगतात. तेव्हा बिलियर्ड्ससारखी काठी घेऊन चेंडू ढकलत. काठी जाऊन स्प्रिंग आली ती अमेरिकेत. सिनसिनाटीत राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 मध्ये बगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. त्यातला स्प्रिंगचा दांडा आजही बहुतेक पिनबॉल यंत्रांच्या उजव्या हाताला दिसतो. पुढे ब्रिटनमध्ये 1930च्या दशकात 'कोरिंथियन' नावाने असे बोर्ड घरोघर खेळले जात. आपल्याकडच्या बोर्डांचं रूप त्यांच्याशी हुबेहूब जुळतं. जपानमध्ये याच घराण्यातून पाचिंको निघालं, तिथे बोर्ड उभा झाला आणि छर्रे शेकड्यांनी आले.

मंदीच्या काळात, 1931 मध्ये, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' नावाचं दुकानाच्या काउंटरवर मावेल असं यंत्र बाजारात आणलं. किंमत साडेसतरा डॉलर. एक सेंट टाकला की पाच-सात चेंडू मिळत. विजेचा पत्ता नाही, गुणही खेळणाऱ्याने स्वतःच मोजायचे. तरीही अशी पन्नास हजारांहून जास्त यंत्रं खपली. नोकरी गेलेल्या माणसाला एका सेंटात काही मिनिटं स्वतःला विसरता येत होतं आणि औषधाच्या दुकानदाराला किंवा न्हाव्याला भाड्याला हातभार लागत होता. गॉटलीबची यंत्रं विकणाऱ्या रेमंड मोलोनी यांना मागणी पुरवता येईना, म्हणून त्यांनी स्वतःचं 'बॅलिहू' काढलं. तेही पन्नास हजारांच्या घरात खपलं आणि त्याच्या नावावरून 'बॅली' ही कंपनी उभी राहिली. गॉटलीब, बॅली आणि पुढे विल्यम्स, या धंद्यातली सगळी मोठी घराणी शिकागोचीच.

या खिळ्यांच्या यंत्रांवर थोडं थांबायला हवं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे त्यांच्यापुढे उभी राहिले की मला फ्रान्सिस गॉल्टन आठवतात. रेडग्रेव्ह यांच्या पेटंटनंतर दोनेक वर्षांनी, 1873च्या सुमारास, इंग्लंडमध्ये गॉल्टन यांनी जवळजवळ असाच एक बोर्ड करून घेतला होता. खिळ्यांच्या एकाखाली एक रांगा, प्रत्येक खालच्या रांगेतला खिळा वरच्या दोन खिळ्यांच्या मधोमध, आणि तळाला कप्पे. वरून छर्रे सोडले की प्रत्येक खिळ्यावर छर्रा डावीकडे तरी जातो नाहीतर उजवीकडे. समजा दहा रांगा आहेत. अगदी डावीकडच्या कप्प्यात पडायला छर्र्याला दहाही वेळा डावीकडेच वळावं लागेल, आणि याची शक्यता 1024 मध्ये एक. मधल्या कप्प्यात पोचायचे मात्र 252 वेगवेगळे रस्ते आहेत, म्हणजे चारांतला जवळजवळ एक छर्रा तिथे येतो. शेकडो छर्रे सोडले की तळाला घंटेच्या आकाराचा ढीग तयार होतो. कुठल्याही एका छर्र्याबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि सगळ्या छर्र्यांबद्दल मात्र जवळजवळ सगळं सांगता येतं.

बॅफल बॉल किंवा घरचं बगाटेल अगदी गॉल्टन यांच्या बोर्डासारखं समान नसतं, पण तत्त्व तेच. चेंडू एकदा दांड्यापासून सुटला की खेळणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. दांडा किती ओढायचा, एवढंच त्याचं कसब. बाकी खिळे ठरवतात, आणि खिळे कुठे ठोकायचे हे यंत्र बनवणारा ठरवतो. मोठ्या आकड्याच्या घराचं तोंड कुठे ठेवलं म्हणजे लोकांना ते हाताशी वाटेल आणि हाती मात्र क्वचितच लागेल, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो. अशा यंत्रावर पैसे लावले की तो जुगारच. 1930च्या दशकात नेमकं तेच झालं. ठरावीक गुणांना दुकानदार सिगारेट, वस्तू नाहीतर रोकड देऊ लागले, आणि काही यंत्रं तर स्वतःच नाणी बाहेर टाकू लागली.

म्हणून न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी जानेवारी 1942 मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली, तेव्हा ते अगदीच चुकले असं मला म्हणवत नाही. शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे ही यंत्रं लुटतात आणि धंद्यामागे गुन्हेगारी टोळ्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली. ला गार्डिया स्वतः हातोडा घेऊन यंत्रं फोडतानाची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. लॉस एंजेलिसनेही अशीच बंदी घातली, आणि बहुतेक यंत्रं जिथे बनत त्या शिकागोनेही. अन्याय झाला तो पुढे. कारण बंदीनंतर पाच वर्षांतच खेळ मुळापासून बदलला, आणि कायद्याला ते पुढची तीस वर्षं दिसलं नाही.

1947 मध्ये गॉटलीब कंपनीचं 'हम्प्टी डम्प्टी' आलं. हॅरी मॅब्स या रचनाकाराने त्यात दोन्ही कडांना तीन-तीन अशा सहा छोट्या पट्ट्या बसवल्या होत्या. यंत्राच्या बाजूचं बटण दाबलं की पट्टी झटक्याने वर उडते आणि चेंडूला परत वर ढकलते. हेच फ्लिपर. ते कमजोर होते. तळातून चेंडू थेट माथ्यापर्यंत नेण्याची ताकद एकातही नव्हती, म्हणून तीन टप्प्यांत तो वर चढवायचा. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये सहांऐवजी दोनच फ्लिपर ठेवले, अगदी तळाशी, मधल्या फटीच्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांना भरपूर ताकद दिली. कॉर्डेक पुढे शंभर वर्षं जगले, 2012 मध्ये गेले. तळाशी दोन फ्लिपर ही त्यांची कल्पना आजतागायत कायम आहे.

फ्लिपरपूर्वीचं यंत्र आणि नंतरचं यंत्र एकाच दिवशी, एकामागून एक खेळायला मिळणं, ही या संग्रहालयाची खरी देणगी आहे. पहिल्या खोलीत आपण बघे असतो. फ्लिपरच्या यंत्रापाशी आलो की खांदे आपोआप पुढे येतात. नवखा माणूस चेंडू खाली येताना दिसला की दोन्ही बटणं एकदम दाबतो आणि दाबतच राहतो. नातू मला म्हणाला, "आजी, मारू नको. आधी थांबव, मग मार." त्याने करून दाखवलं. उजवा फ्लिपर वर उचलून धरला, चेंडू घरंगळत आला आणि फ्लिपरच्या बेचक्यात शांत बसला. मग त्याने बटण सोडलं, फ्लिपर खाली गेला, चेंडू त्याच्या टोकाकडे सरकू लागला, आणि ठरावीक ठिकाणी येताच पुन्हा बटण. चेंडू नेमका वरच्या रॅम्पवर चढला. चेंडू फ्लिपरच्या मुळाशी आहे, मधे आहे की टोकाशी, यावर तो कुठल्या दिशेला जाणार हे ठरतं. सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा फरक, आणि निशाणा चुकतो. दहा वर्षांच्या मुलाला हे कळलेलं असतं आणि जमतही असतं. खिळ्यांच्या बोर्डावर असा सराव करताच येत नाही.

त्या फ्लिपरच्या पोटात काय आहे, हे मला त्याहून जास्त सुंदर वाटलं. या संग्रहालयाच्या मंडळींनी एक पारदर्शक यंत्र बनवलं आहे. त्याची पेटी आणि खेळाचा पृष्ठभाग आरपार दिसतो, त्यामुळे एरवी लाकडाआड लपलेली सगळी यंत्रणा काम करताना बघायला मिळते. फ्लिपर हलवते ती तांब्याच्या तारेची एक गुंडाळी, म्हणजे कॉइल. तिच्या पोकळीत लोखंडी दांडा असतो. वीज सोडली की गुंडाळीचं चुंबक होतं आणि दांडा आत ओढला जातो. त्याला जोडलेला फ्लिपर उडतो. इथवर शाळेतला प्रयोग आहे. खरी अडचण पुढे येते. चेंडूला जोरात मारायचं तर पुष्कळ वीजप्रवाह हवा, पण खेळणाऱ्याने बटण दाबून धरलं तर तेवढ्याच प्रवाहाने कॉइल काही क्षणांत जळून जाईल. पंख्याची रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे काळवंडलेल्या तारांचा वास घेतलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

यावरचा उपाय असा. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, कमी फेऱ्यांची. तिचा रोध अगदी कमी, त्यामुळे तिच्यातून भरपूर प्रवाह जातो. दुसरी बारीक तारेची, पुष्कळ फेऱ्यांची, रोध कित्येक पट जास्त. सुरुवातीला एका बंद स्विचमुळे वीज दुसरीला वळसा घालून फक्त पहिलीतून जाते आणि फ्लिपर पूर्ण ताकदीने उडतो. तो वरच्या टोकाला पोचला की स्वतःच तो स्विच उघडतो. आता विजेला दोन्ही गुंडाळ्यांतून जावं लागतं, प्रवाह एकदम घटतो आणि त्याबरोबर उष्णताही. फ्लिपरला नुसतं वर धरून ठेवायला तेवढा प्रवाह पुरतो. म्हणूनच नातवाला चेंडू बेचक्यात धरून विचार करायला वेळ मिळाला. एक साधा पत्तीचा स्विच आणि थोडी जास्त तार, यांतून 'थांबव, मग मार' हा सगळा डावपेच जन्माला आला आहे.

खेळाच्या मधल्या भागात छत्रीसारखे गोल बंपर असतात, त्यांचीही गंमत तिथेच दिसली. चेंडू बंपरवर आपटून उसळतो असं वरून वाटतं. तसं नसतं. बंपरच्या बुडाशी एक पातळ बशी असते. चेंडू तिच्या काठावर चढला की ती किंचित कलते, खालचा स्विच जुळतो आणि वरची धातूची कडी झपकन खाली येऊन चेंडूच्या पाठीवर आदळते. ती तिरकी बसत असल्याने चेंडू बाहेर फेकला जातो. हे सगळं इतक्या पटकन होतं की डोळ्याला एकच उसळी दिसते.

आणि गुण मोजण्याची पद्धत! 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या यंत्रांत संगणक नाही, एक चिपही नाही. समजा, एका निशाण्याला 50 गुण आहेत. चेंडू लागताच पेटीतली एक छोटी मोटर फिरते. तिच्या आसावरच्या चकतीचे दाते एका स्विचला पाच वेळा ढकलतात. प्रत्येक ढकलीला दहाच्या स्थानाचं आकड्यांचं चाक एक घर पुढे जातं आणि घंटेवर एक टोला पडतो. नऊवरून शून्यावर जाताना तेच चाक पुढच्या स्थानाच्या चाकाला हातचा देतं. पहिलीतल्या मुलाला बेरीज शिकवताना आपण जे सांगतो, ते इथे लोखंड आणि तांबं करून दाखवतं. त्या टोल्यांचा नाद खरा असतो, धातूच्या पट्टीवर दांडा आपटून निघालेला. पुढच्या खोल्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे आवाज कितीतरी तऱ्हांचे आहेत, 1979च्या 'गॉर्गर'पासून तर यंत्रं बोलूही लागली. पण मला तो जुना टोलाच जास्त आवडतो.

यंत्राला धक्का देणं हाही कसबाचाच भाग आहे, मर्यादेत असेल तर. पिनबॉलचा चेंडू 27 मिलीमीटर व्यासाचा, 80 ग्रॅम वजनाचा, आणि पृष्ठभागाचा उतार साधारण साडेसहा अंश. इतक्या कमी उतारावर पेटीला दिलेला हलका धक्काही चेंडूची वाट बदलतो. पूर्वी लोक पेटीच्या बुडाला खालून थापा मारत. रचनाकार हॅरी विल्यम्स यांनी हे एका दुकानात पाहिलं आणि त्यावर आधी बुडाला खिळे ठोकण्याचा जालीम उपाय केला, असं सांगतात. मग 1930च्या दशकातच 'टिल्ट' आलं. एका धातूच्या कडीच्या मधोमध तारेला टांगलेलं वजन. पेटी जास्त हलली की वजन कडीला टेकतं, विद्युतमंडळ पूर्ण होतं आणि चालू चेंडू बाद. सुदामा नगरचं घर बांधताना भिंत सरळ आहे का हे मिस्त्री ज्याने बघत, तो ओळंबाच आहे हा. फक्त तो इथे खेळणाऱ्याच्या हातावर पहारा करतो.

आता पुन्हा कायद्याकडे. फ्लिपर आले तरी न्यूयॉर्कची बंदी उठली नाही. 1976 मध्ये नगरपरिषदेपुढे सुनावणी झाली. हा खेळ कौशल्याचा आहे, हे सिद्ध करायला रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला बोलावलं होतं. मॅनहॅटनमध्ये सदस्यांसमोर यंत्र मांडलं गेलं. शार्प खेळले, आणि शेवटी त्यांनी दांडा ओढण्याआधीच जाहीर केलं की आता चेंडू वरच्या अमुक वाटेतून जाईल. दांडा सोडला, चेंडू त्याच वाटेने गेला. बंदी उठवायचा कौल मिळाला. यात एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ज्या फटक्याने निकाल लागला तो फ्लिपरचा नव्हता, रेडग्रेव्ह यांच्या 1871च्या स्प्रिंगचा होता. सगळ्या खेळात ज्याच्यात कसबाला सर्वांत कमी वाव, त्या भागावर शार्प यांनी पैज लावली होती. आणि अलमीडाच्या समोर, खाडीपलीकडच्या ओकलंडने 1930च्या दशकातली आपली बंदी कागदावरून काढली ती 2014 मध्ये. तोपर्यंत अलमीडात हे संग्रहालय जोरात चालू होतं.

कायद्यामुळे यंत्रंही बदलत गेली. काही राज्यांत 'फुकट डाव' हेही बक्षीसच, म्हणजे जुगार, असं मानलं जाई. म्हणून गॉटलीबने 1960 मध्ये 'फ्लिपर' नावाचं यंत्र काढलं. त्यात जास्त गुणांना फुकट डाव मिळत नसे, चालू डावातच एक चेंडू वाढवून मिळे.

हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्या न्यायालयांनी तोच प्रश्न वेगवेगळ्या खेळांबद्दल सोडवला आहे. मध्य प्रदेशात लागू असलेल्या 1867च्या सार्वजनिक जुगार कायद्यातच म्हटलं आहे की, निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाही. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या 1957च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत स्पष्ट रेघ ओढली. पुढे रमीबद्दल सांगितलं की, कुठली पानं पडली हे लक्षात ठेवणं, कुठलं पान धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवणं, यात कौशल्य मुख्य आहे. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दलही तसाच निर्णय आला. पिनबॉलच्या सर्वांत जवळचा खटला 1995चा, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य. तो व्हिडिओ गेमच्या पार्लरांबद्दल होता. त्यात न्यायालयाने नोंदवलं की यंत्रात असा फेरफार करता येतो की खेळणाऱ्याच्या कौशल्याला वावच उरत नाही, म्हणून परवान्याची अट योग्य आहे. बॅफल बॉलचे खिळे ठोकणाऱ्याबद्दल वर जे म्हटलं, ते याहून वेगळं नाही. आणि 2025च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावले की बंदी. माझ्या मते यामागची काळजी खरी आहे. मोबाइलच्या पडद्यामागचे खिळे कुठे ठोकले आहेत, हे खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही. पिनबॉलमध्ये निदान काचेखाली सगळं उघड असतं.

यंत्रांच्या उभ्या काचांवरची चित्रं हा एक वेगळाच संग्रह आहे. सर्कस, जत्रा, अंतराळयानं, पत्त्यांचे राजे-राण्या. त्या-त्या दशकाची अमेरिका तिथे रंगलेली आहे. पण सांगायलाच हवं की, बायकांची चित्रं बरीच उथळ आणि काही तर सरळ ओंगळ आहेत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तयारीत असावं. सूनबाईने नातवाला तिथल्या तिथे दोन शब्द समजावून सांगितले, ते बरं केलं.

जुनी यंत्रं रोज शेकडो हातांत द्यावीत का, हा प्रश्न मनात येतोच. रबर झिजतं, पत्त्या काळवंडतात, फ्लिपर ढिले होतात. मला संग्रहालयाचं धोरण पूर्ण पटतं. बंद ठेवलेल्या रिलेच्या, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचच्या, पत्त्यांवर गंज चढतो आणि मग यंत्र नुसतं पेटी म्हणून उरतं. शिवाय ते दुरुस्त करायचं ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त असतं. यंत्र चालू असेल तरच दुरुस्त करणारा माणूस तयार होतो.

पुढचा इतिहास लवकर सांगता येतो. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात रिलेंच्या जागी मायक्रोप्रोसेसर आले, आणि लगेचच 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 'पॅक-मॅन' यांनी नाणी पळवायला सुरुवात केली. 1992च्या 'ॲडम्स फॅमिली'ची वीस हजारांहून जास्त यंत्रं खपली, तो शेवटचा मोठा बहर. 1999 मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं आणि काही वर्षं स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. आता पुन्हा नव्या कंपन्या आल्या आहेत, पण नव्या यंत्राची किंमत साडेसतरा डॉलरवरून कित्येक हजार डॉलरवर गेली आहे.

आपल्याकडे खरं यंत्र फारसं कुणी पाहिलं नाही, तरी एका पिढीला पिनबॉल चांगलं ठाऊक आहे. विंडोज एक्सपीबरोबर 'स्पेस कॅडेट' येत असे. कचेऱ्यांत, सायबर कॅफेंत, संगणकाच्या क्लासमध्ये ते सर्रास चालायचं. मुलाने फ्लिपर पहिल्यांदा दाबले ते तिथेच, कीबोर्डवर. पुढच्या विंडोजमधून ते गायब झालं, कारण 64-बिट संगणकांसाठी ते बदलताना चेंडू अडथळ्यांना न अडता आरपार जाऊ लागला आणि दोष कुठे आहे ते मायक्रोसॉफ्टच्या मंडळींना सापडेना. खिळ्यांवर आपटण्यावरच सगळा खेळ उभा असताना चेंडूला खिळाच ओळखू येईनासा व्हावा, हे मला अजून चटका लावतं.

मुलंबाळं परदेशात असलेली घरं सुदामा नगरात आता पुष्कळ आहेत, म्हणून थोडं उपयोगाचं. न्यूजर्सीला जाणार असाल तर ॲस्बरी पार्कला समुद्राकाठी 'सिल्व्हरबॉल' आहे, तिथेही जुनी यंत्रं खेळता येतात. लास व्हेगासला टिम अर्नोल्ड यांचं 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' आहे, तिथे नाणी टाकून खेळावं लागतं. युरोपात बुडापेस्टला तळघरातलं मोठं संग्रहालय आहे. कुठेही गेलात तरी मुलांना सरळ चकाकत्या नव्या यंत्रांकडे धावू देऊ नका. आधी खिळ्यांचं एखादं यंत्र, मग 1950-60च्या दशकातलं घंटेच्या टोल्यांचं, आणि मग रॅम्पवाली नवी. लहान मुलांसाठी पायाखाली घ्यायला स्टूल मागून घ्या, काचेतून पृष्ठभाग पूर्ण दिसला नाही तर खेळ कळत नाही. आणि फ्लिपरच्या अलीकडे, काचेखालीच, नियमांचं छोटं कार्ड लावलेलं असतं. दांडा ओढण्याआधी ते वाचायला लावा. कुठला निशाणा साधल्यावर काय उघडतं, हे माहीत नसेल तर फ्लिपर हातात असूनही मूल खिळ्यांचंच बगाटेल खेळत राहतं.